आत्ती आणि जाळीचं घर

आमच्या आत्ती कुणाचीही समजूत काढत नसत. रडणाऱ्या पोराची नाही, रुसलेल्या माणसाची नाही आणि पान्हा चोरणाऱ्या गाईचीही नाही. त्या आपलं हातातलं काम घेऊन जवळ येऊन बसत आणि समोरच्याचं रडणं-रुसणं आपोआप निवेपर्यंत बसून राहत. "समजूत काढलेलं माणूस उद्या परत रुसतंय," एवढंच त्यांचं म्हणणं. एवढ्या भांडवलावर एखादी बाई सगळं घर चालवू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. मी साताऱ्यात वाढलेली, लग्न होऊन आष्ट्याजवळच्या या उसातल्या वस्तीवर आले, तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. आत्तींनी मला शिकवलं नाही आणि टोमणाही मारला नाही. पिठाचे दोन गोळे केले, एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा स्वतः थापायला घेतला. माझी भाकरी फाटली की ती त्या निमूट आपल्या ताटात घेत आणि अख्खी भाकरी माझ्या ताटात पडे. सासू रोज आपल्या हातचे तुकडे खाते आहे, हे बघत जेवणं सोपं नसतं. मी फार लवकर शिकले.

माझे यजमान फौजेत. सुट्टी संपवून निघाले की मामा, म्हणजे माझे सासरे, फाटकापर्यंत जाऊन उपरण्याने डोळे पुसत. आत्ती ओसरीवर फाटकाकडे पाठ करून शेंगा फोडत बसलेल्या असत. "पोचल्यावर फोन कर रं," म्हणत आणि पुढची शेंग उचलत. मला आधी हा कोरडेपणा वाटे. तो कोरडेपणा नव्हता, हे मला एका कुत्र्याच्या पिल्लामुळे कळलं.

आमच्या भागात ऊसतोड सुरू झाली की बिबट्याला लपायला जागा उरत नाही आणि तो वस्त्यांकडे वळतो. आमचा आधीचा कुत्रा खंड्या त्याने ओसरीवरूनच नेला होता. म्हणून नवं पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा मी आधी आष्ट्याच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी जाळीचं घर करून घेतलं. वर पत्रा, बाहेरून कडी, माणूस वाकून आत बसेल एवढं मोठं. शेवग्याखाली ते ठेवलं. पिल्लाला घरात झोपवणं शक्यच नव्हतं, मामांना दमा, केसांनी धाप लागायची. गोठ्यात ठेवावं तर नुकतीच व्यालेली गाय शिंग उगारायची. म्हणजे अंधार पडायच्या आत पिल्लाने जाळीत जायचं आणि कडी लागल्यावर आतच राहायचं, दुसरा मार्ग नव्हता.

मी नोकरीसाठी रोज सांगलीला जाते, त्यामुळे माझी सगळी कामं आखून ठेवलेली. पिल्लाचंही मी टप्प्याटप्प्याने ठरवलं: आधी जेवण आत, मग दार उघडं ठेवून झोप, मग थोडा वेळ कडी. योजना चांगली होती. मामा मात्र तिच्यात धरले नव्हते. कडी लागली आणि पिल्लू केकाटलं की मामा मफलर गुंडाळून हळूच उठत, त्याला काढत आणि स्वेटरच्या आत घालून घरात आणत. "लेकरू हाय गं ते," असं म्हणेपर्यंत त्यांनाच धाप लागलेली असे. मग पिल्लू बाहेर, मामांच्या तोंडाला वाफारा आणि माझी योजना पुन्हा पहिल्या टप्प्यावर.

शेजारच्या वस्तीवरची शेळी बिबट्याने नेली, त्या दिवशी आत्ती स्वतः उठल्या. मामांना एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारचं तांदूळ निवडणं घेऊन त्या सरळ जाळीच्या घरात जाऊन बसल्या. पिल्लाला हाक नाही, चुचकारणं नाही. ते बाहेरून बघत राहिलं, जाळीभोवती घिरट्या घालून आलं आणि शेवटी आत शिरून त्यांच्या पदरावर झोपलं. मी म्हटलं, आता नाव तरी ठेवू. त्या म्हणाल्या, "ऱ्हायल्यावर ठेवू. तवर पावणंच."

मग त्यांची बैठक हलू लागली. आधी दारात, मग दाराबाहेर, मग शेवग्याच्या बुंध्याशी, मग गोठ्याच्या पायरीवर. अंधार पडू लागला की कडी लावायची आणि ते झोपेपर्यंत तिथेच बसायचं: सूप, तांदूळ, पाठ पिल्लाकडे. दिवसागणिक त्या थोड्या लांब बसत आणि पिल्लाला ते कळतही नसे. इतक्या सावकाश कुणाला तरी आपल्यापासून दूर करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यातच आत्तींचं छातीचं जुनं दुखणं वाढलं. मिरजेच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, तारीखही दिली. मला वाटलं, त्या नसताना पिल्लू घाबरेल. कुठेतरी पाहिलं होतं की ओळखीच्या माणसाचं कापड अंथरलं की जनावर शांत झोपतं, म्हणून मी आत्तींचं जुनं लुगडं घडी करून जाळीत अंथरलं. आत्तींनी ते पाहिलं, बाहेर काढलं आणि दोरीवर टाकलं.

"माझ्या वासावर निजाय शिकलं, तर मी नसताना काय करंल?" त्या म्हणाल्या. "पोतं घाल. पोतं कवाबी मिळतंय."

मी पोतं घातलं. त्या बसत त्या पायरीवर आता मी बसायचं, असंही त्यांनी सांगितलं. संध्याकाळी पिल्लाची वाटी मामांनी ठेवायची. आमची दोघांची कामं त्या अशी वाटून देत होत्या, जणू चार दिवस माहेरी निघाल्यात.

निघण्याआधीच्या आठवड्यात, दिवेलागणीला त्यांनी पहिल्यांदा कडी लावून थेट घर गाठलं. पिल्लू असं ओरडलं की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मामा मफलर शोधू लागले.

"आवं, बसा," आत्ती म्हणाल्या. "आज तुमी काढशिला. उद्या ते भाईरच निजंल. परवा बिबट्या न्हेल."

"तुझं काळीज दगडाचं हाय."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. चेहरा नेहमीसारखा होता. पण मांडीवर दोन्ही हातांनी त्यांनी पदराचा पीळ घातला होता आणि पिल्लाच्या प्रत्येक ओरडण्याला तो पीळ आणखी आवळत होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. फाटकाकडे पाठ करून शेंगा फोडणाऱ्या आत्ती मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समोरून दिसल्या. ओरडणं कमी झालं, कुईकुई झाली, मग काहीच ऐकू येईना. आत्तींनी पीळ सोडला. "ढाण्या म्हणा त्येला," म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला उठल्या.

मिरजेला जाताना त्या शेवग्याकडे फिरकल्या नाहीत. पहिल्या संध्याकाळी मी दवाखान्यात फोन लावला.

"गेला का आत?"

"आपणहून गेला, आत्ती."

"वरडला?"

"नाही."

त्या म्हणाल्या, "ब्येस झालं. आनी मामा जेवलं का बघ."

शस्त्रक्रियेनंतर त्या शुद्धीवर आल्या नाहीत.

त्यांना वस्तीवर आणलं तेव्हा दुपार होती. यजमान मिळेल त्या गाडीने पोचले. सगळं उरकून माणसं परतली तेव्हा दिवस मावळत होता. घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या वस्तीवरून कडू घास आला होता, भाकरी आणि पिठलं. पण मामांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, ताट पुढे केलं की मान फिरवत होते.

मला एकदम ढाण्याची आठवण झाली. दिवसभर कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. दूध-भाकरी कुस्करून मी शेवग्याखाली गेले, तर तो आधीच आत, पोत्यावर बसून वाटेकडे बघत होता. मी वाटी ठेवली, त्याने चाटून पुसून संपवली आणि नाक शेपटीत घालून पडला.

शेजारची काकू मागे येऊन उभी होती. "मालकीण गेली की मुकं जनावर अन्न सोडतंय म्हनत्यात," ती म्हणाली. "ह्येला काय न्हाई बघ."

लोकांना तशा गोष्टी आवडतात. कुत्र्याने अन्न सोडलं, चितेजवळ बसून राहिला. आमच्या ढाण्याने यातलं काही केलं नाही. एक बाई या जगातून गेली आणि तिच्या जाण्याने एका जिवाची एक संध्याकाळही मोडली नाही. असं जाणं किती जणांना साधतं, ते मला माहीत नाही. मी कडी लावली.

ओसरीवर मामा अंधारात बसले होते. वाटीचा आवाज त्यांनी ऐकला असावा.

"खाल्लं का गं त्येनं?"

"खाल्लं, मामा. सगळं."

ते हात पुसत सावरून बसले.

"मग मलाबी वाढ."