शिबिरातला मोबाईल
फिनेलचा वास आला की श्रीरामपूरचा तो चर्चमागचा हॉल आठवतो. आम्हा बायकाबायकांना, पुरुषापुरुषांना कायद्याने लग्न करता यावं, हे गावोगाव कसं सांगायचं याचं तिथे शिबिर होतं. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे होते. बरेचसे घरच्यांना चोरून आलेले, म्हणून फोटोंना मनाई होती. तरी मागे बसलेल्या टोपीवाल्या काकांनी हळूच मोबाईल वर धरला. हे आमची तोंडं गावाला दाखवणार, असं वाटून मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. “कुणाला पाठवताय?” “पोरीला. मैत्रिणीसंगं ऱ्हाती पुन्यात. माझ्याशी बोलत न्हाई. म्हनलं, बाप कुठं बसलाय ते बघू दे.” तरी मी फोटो तपासलाच. त्यात ते एकटेच होते, मागे भिंतीवर शिबिराचा फलक. “हाललाय जरा,” ते म्हणाले, आणि मी दुसरा काढून दिला. पोरीचा फोन आला का, हे विचारायचं राहूनच गेलं, याची आज रुखरुख लागते.