शालीची घडी

माझ्या बायकोनं, सुमननं, आज कपाटातली शाल उन्हात घातली आहे. शासनाचा साहित्य पुरस्कार मिळाला तेव्हाची. गॅलरीतल्या दोरीवर ती हलते आणि मला सुमनचं माहेर आठवतं. ते गाव धरणात गेलं. त्या गावावर माझ्या पुस्तकात एक प्रकरण होतं, सगळं तिनंच सांगितलेलं. पुस्तक छापायला देण्याआधी मी ते काढून टाकलं. धरण सरकारचं, पुरस्कारही सरकारचा. उगाच कशाला, असं वाटलं. तिला म्हणालो होतो, "पानं फार होत होती."

राजाच्या पदरी असलेला कवी राजाचं मीठ खायचा आणि राजाचं गायचा. लोकशाहीत शाल येते ती लोकांच्या पैशातून, म्हणजे घरं बुडालेल्यांच्याही. मी खाल्लं त्यांचं, आणि गप्प बसलो तेही त्यांच्याबद्दलच.

"अहो, टोकं धरा जरा. घडी घालू."

शाल धरून आम्ही समोरासमोर उभे राहिलो. पहिल्या घडीला ती जवळ आली, तेव्हा बोललो. "सुमन, पानं फार होत नव्हती. तुझं गाव मी मुद्दाम गाळलं. पुरस्कारासाठी."

ती थांबली. "वरून कुणी सांगितलं होतं का तसं?"

अजूनही ती मला वाट काढून देत होती.

"नाही गं. कुणीच नाही."

तिनं माझ्या हातातली टोकं काढून घेतली आणि उरलेली घडी एकटीनंच घातली.