वर्डेलच्या बाजूला चेंडू आला नाही

दर वर्षी शेजारच्या कॉलेजशी अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की वर्डेल पिकेटचा पाय एका जागी ठरत नसे. मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये शेगडीवर डुकराच्या बरगड्या भाजताना तो हातात चिमटा घेऊन चक्क उलटा चालत राही. एकोणऐंशी साली तो इथल्या कॉलेजच्या संघात कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, होता. झेल घ्यायला धावणाऱ्या गड्यावर नजर ठेवून मागे मागे पळायची ती सवय सदुसष्टाव्या वर्षीही सुटली नव्हती.

भाचा टेविन म्हणाला, "मामा, आताच्या संघात तुझ्याच जागी खेळणाऱ्या आमच्या केलनने गेल्या वर्षी याच सामन्यात दोन चेंडू मधल्या मधे हिसकावले. तू किती?"

"एकही नाही. माझ्या बाजूला चेंडू फेकायची छाती होती कुणाची? केलनकडे फेकतात, म्हणून त्याला मिळतात."

हे उत्तर वर्डेल चाळीस वर्षं देत आला होता.

शेजारच्या गाडीपाशी पाहुण्या संघाची टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "एकोणऐंशीच्या सामन्यात आमच्याकडून चेंडू मीच फेकत होतो."

"मग सांग की या शहाण्याला."

"काय सांगू? तुझ्या बाजूच्या आमच्या गड्याची दोन बोटं मोडली होती. त्याला झेलता येत नव्हतं. तुम्हाला कळू नये म्हणून नुसता पळवला त्याला."

"अख्खा सामना?"

"अख्खा. आणि तू इतका जीव तोडून चिकटलास, की त्यालाच तुझी दया आली."

वर्डेलचे पाय थांबले. बरगड्या करपल्याचा वास टेविनलाच आधी आला.