आईच्या मशीनचे पाय

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर दादाने माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली आणि दोरी दोनदा ओढून पाहिली. आई खिडकीशी उभी राहून एवढंच म्हणाली, "कुलपाची किल्ली अंगावर ठेव. पुण्यात कोणी आपलं नाही." मला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली होती. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि माझी फी आईने लोकांचे ब्लाउज शिवून भरली होती.

पुण्यात मी आधी हडपसरला कॉट बेसिसवर राहिले. पुढे शेजारच्या मांजरी गावात, उसाच्या फडाशेजारी उभ्या राहिलेल्या सोसायटीत, स्वतःचा वन बीएचके घेतला. एका रविवारी टीम लीडने पेठेतल्या घरी जेवायला बोलावलं. हॉलमध्ये तांब्याच्या बंबाचा दिवा केलेला, आणि शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांवर काच ठेवून टेबल. मी विचारलं, "तुमच्या आजीचं का?"

"आजीचं कसलं, जुन्या बाजारातलं. आजी असली अडगळ घरात ठेवू द्यायची नाही."

ज्यांना या वस्तू वापराव्या लागल्या नाहीत, त्यांनाच त्या सुंदर दिसतात, असा मला संशय आला. तरी परत येताना बसमध्ये मी आमच्या मशीनचाच विचार करत होते. माझ्याकडे तर खरी होती.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा आईकडे मशीन मागितली. आईची नजर कमी झाल्यापासून मशीन चादरीखालीच पडून होती.

"शिवशील?"

"शिकीन म्हणते."

आई माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. आत वहिनी दादाला म्हणत होती, "आज मशीन, उद्या काय?" मला ऐकू जावं म्हणूनच ती तेवढ्या आवाजात बोलली, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

मांजरीच्या सुताराने मशीनचं डोकं उतरवलं, पाय घासून काळे केले आणि वर काच बसवली. डोकं मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. ऑफिसच्या मैत्रिणी म्हणाल्या, "किती एथनिक!" मला बरं वाटलं.

तीन महिन्यांनी दादाचा फोन आला. आईचे डोळे पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचे होते. आई पहिल्यांदाच माझ्या घरी येणार होती. मी नवे पडदे लावले. मग मनात आलं, तासाभरावरचं नागपूर सोडून पुणं कशाला?

आई दादासोबत आली, चप्पल काढून हॉलमध्ये उभी राहिली आणि टेबलाकडे पाहत म्हणाली, "याचं डोस्कं कुठी गेलं?"

मी माळ्याकडे बोट दाखवलं.

"काढ."

तिने ते ओट्यावर ठेवलं, पदराने पुसलं, चाकाला हात लावला. चाक फिरेना. तेवढ्यात दादाने बॅगेतून कागद काढला. बाबांच्या घरातला माझा हिस्सा त्याच्या नावे सोडायच्या हक्कसोडपत्राचा मसुदा होता. "वाचून ठेव. पुढच्या वेळी आलीस की ऑफिसात जाऊन सही करू. नुसती फॉर्मॅलिटी आहे."

"म्हणून आईला आणलंस? तिच्यासमोर मी नाही म्हणणार नाही म्हणून?"

"आणि तू मशीन कायले नेली? शिवाले?"

मी टेबलावरची काच पुसायला घेतली.

आई तेलाचा थेंब चाकात सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिनं शिवाले पाहिजे म्हणून मशीन नेली. तू डोळे दाखवाले नेतो म्हणून मले आणलं. दोघंही माझ्याशीच खोटं बोलले."

दादाने कागदाची घडी घातली. संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "घर आईच्या नावावर कर. तिच्या नावाने हक्क सोडायला मी कधीही येते. पण तूही सोडायचा."

तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आईचे डोळे मात्र डॉक्टरांना दाखवून गेला. जाताना आईने मशीनचं डोकं पोत्यात घालून सोबत नेलं. गावी तिने त्याला हाताने फिरवायचं हँडल बसवून घेतलं.

वर्षभराने आम्ही दोघांनी रजिस्ट्रार ऑफिसात एकाच बाकावर बसून सह्या केल्या. त्याआधी एकमेकांचा कागद दोनदा वाचला.

तुमच्यापैकी काही आपल्या गावीच राहिलात, काही माझ्यासारखे निघून आलात. घर कुठलं, असं मला विचाराल तर मी अजून भंडारा सांगते. मांजरीत कोणी माझ्यावर संशय घेत नाही, कारण मी तिथून काय नेणार? आणि त्या टेबलावर मला चहाचा कप सुखाने ठेवता येत नाही.

मागच्या खेपेला गेले तेव्हा आई उशीचे अभ्रे शिवत होती आणि दादा तिच्यासाठी सुईत दोरा ओवायला बघत होता. मी दारात उभी राहून पाहत होते.

"आता हेही नेशील का?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्याने दोरा माझ्यापुढे धरला. "घे, तू ओव. मले दिसत नाही आता."

मी दोरा ओवला. आईने हँडल फिरवायला घेतलं.