गार्डकाकांची हाक

गार्डकाकांना दाराची बेल वाजवणं आवडत नसे. ते खालून हाक मारत. उजाडताना गुजरातेतल्या आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत ते एकेका इमारतीखाली उभे राहायचे आणि ज्याला त्याला त्याच्या भाषेत बोलवायचे. "हसमुखभाई, चालो." "देशमुख, गाडी सुटतेय." वर दिवा लागेपर्यंत ते जागचे हलत नसत. सकाळी फिरायला जाणारी आमची टोळी त्या आवाजावर उभी होती. कुणी आलं नाही तर ते कारण विचारत नसत. "बरं, उद्या," एवढंच म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी हजर.

त्यांची सगळी नोकरी मालगाडीवर गार्ड म्हणून झाली होती. आयुष्य शेवटच्या डब्यात काढलेला माणूस फिरतानाही सगळ्यांच्या मागे असे. एखादा नवखा त्यांना पुढे या म्हणाला, की सांगत, "शेवटचा डबा आला की गाडी आली म्हणायची. तोवर नुसतं इंजिन आलंय."

तो शेवटचा डबा म्हणजे माझे वडील. नानांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून त्यांचा उजवा पाय ओढला जायचा. रोज चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी थोडे दिवस चालवलं, मग ऑफिसची घाई पुढे केली. नानाही माझ्याबरोबर कुरकुरत निघायचे. एका सकाळी खालून हाक आली, "नाना, तुमच्यासाठी गाडी थांबवलीय." नानांनी काठी उचलली आणि निघाले. पुढे ते रोजचंच झालं. नाना निवृत्त मराठीचे मास्तर. काकांच्या बोलण्यातले गुजराती शब्द ते वेचून काढायचे आणि काका मुद्दाम आणखी घालायचे. "धीरे धीरे, नाना, उतावळ नथी." असे दोघं भांडत भांडत टोळीच्या मागे येत, आणि पुढचे वळणावर थांबून त्यांची वाट बघत.

मी काम करतो त्या कंपनीत फोनवरची ॲप बनतात. व्यायामाचं एक ॲप होतं, पण लोक ते हौसेने घेत आणि विसरून जात. एकमेकांच्या नादाने माणसं चालली पाहिजेत, असं काहीतरी त्यात आणायचं काम माझ्याकडे आलं. मला शोधायला लांब जावं लागलं नाही. मी रोज गॅलरीतून काकांना बघत होतो. त्यांची हाक मी ॲपमध्ये घातली, शेजारी निघाले की आपला फोन वाजणार. त्यांचं "बरं, उद्या" घातलं, आणि टोळीही घातली. मग ऑफिसातली मुलं म्हणाली, थोडी चुरस हवी. मला ते पटलं. सगळ्यांत पुढे असेल त्याच्या नावापुढे मुकुट, सगळ्यांत मागे असेल त्याच्या नावापुढे गोगलगाय. गोगलगाय माझी कल्पना.

ॲप पहिल्यांदा आमच्याच सोसायटीत वापरून पाहिलं. काकांनी माझ्या शब्दाखातर ते घेतलं आणि फोन खिशात टाकून नानांबरोबर चालत राहिले. नानांकडे साधा फोन, त्यामुळे त्यांचं नाव त्यात नव्हतंच. गोगलगाय रोज काकांना. हसमुखभाई मुकुटासाठी जवळजवळ पळायला लागले, वळणावर थांबायचं सगळ्यांनीच सोडलं. फिरून आल्यावर चहाच्या लारीवर काकांची चेष्टा व्हायची. काका म्हणाले, "गोगलगाय घर घेऊन चालते. दमली की तिथेच मुक्काम." सगळे हसले, मीही हसलो. नाना हसले नाहीत. ते मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हाक आली तेव्हा नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "झोपलेत म्हणून सांग." का, विचारलं तर म्हणाले, माझ्यापायी त्याला हसतात. मी म्हटलं, अहो, गंमत आहे ती. त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मी गॅलरीत जाऊन सांगितलं, नाना झोपलेत. खालून उत्तर आलं, "बरं, उद्या."

हे रोज होत राहिलं. गोगलगाय काढून टाकायला मला एक सकाळ पुरली असती. पण ऑफिसात तीच सगळ्यांना आवडली होती, तिला हसायला म्हणून लोक ॲप उघडत होते, आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं होतं. इकडे नानांचा पाय पुन्हा जड होत चालला. एकदा काकांनी मला फाटकापाशी गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सुहास, माझं काही लागलं का रे त्यांना? चेष्टेत जातं माझ्या तोंडून." वर येणार होते, पण रागावलेल्या माणसाला उगाच आपल्याबरोबर चहा प्यावा लागेल म्हणून आले नाहीत म्हणे. मी म्हटलं, तसं काही नाही. खरं कारण जिभेवर होतं, ते गिळलं.

थंडी सरता सरता काका मुलीकडे नाशिकला कायमचे निघाले. फाटकाशी रिक्षा उभी होती. नाना कुणाला न सांगता चपला घालून लिफ्टपर्यंत गेलेले दिसले, म्हणून मी मागे धावलो. इमारतीपासून फाटकापर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला. काका रिक्षातून उतरून वाट बघत राहिले.

"ह्याने तुला गोगलगाय केलं," नाना माझ्याकडे काठी करून म्हणाले. "माझ्यापायी. म्हणून येत नव्हतो."

काका हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "आणि मी समजत होतो, माझं काही चुकलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू रोज गॅलरीत येत होतास, सुहास."

एवढंच म्हणाले. नानांचा हात दोन्ही हातांत धरला, सोडला, आणि रिक्षात बसले.

त्याच दिवशी मी ऑफिसात भांडून गोगलगाय काढायला लावली. टोळी मात्र पुन्हा जमली नाही. प्रत्येकाचा फोन वेळेवर वाजतो, पण वर दिवा लागला की नाही ते बघायला खाली कुणी नसतं.

गेल्या आठवड्यात मी उजाडताना खाली गेलो आणि आमच्याच इमारतीखाली उभा राहून हाक मारली, "नाना, गाडी थांबवलीय." आवाज चोरटा निघाला. पुन्हा मारली. बऱ्याच वेळाने नाना कठड्याला धरून गॅलरीत आले, माझ्याकडे खाली बघत राहिले, आणि म्हणाले, "नाना झोपलेत."

मी म्हटलं, "बरं, उद्या."