रिकाम्या गावात नेलेली पार्टी

दोन्ही टॅक्स्या माझ्या गावाच्या वेशीवर उभ्या राहिल्या आणि एकही कुत्रं भुंकलं नाही. मला तिथंच कळायला हवं होतं. आमच्या गावची कुत्री पोस्टमनलासुद्धा रोज नव्याने भुंकतात.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईच्या एका टूर कंपनीत होतो. मागे माझी पार्टी होती. पार्टी म्हणजे आमच्या धंद्यात गिऱ्हाइकांचा घोळका. त्यांच्या म्होरक्या मिसेस मेहता. त्यांना टूर आवडली तर अर्ध्या मलबार हिलला आवडायची. नाही आवडली तर सगळ्या मलबार हिलला.

ह्या टूरची कल्पना माझीच. साहेब परदेशी मासिकं वाचायचे. एकदा मला बोलावून म्हणाले, "परब, हे बघ. हिवाळ्यात ते लोक बर्फावरून घसरतात. नाहीतर द्राक्षांच्या मळ्यात राहून वाइन पितात. आपण काय देणार?"

"सर, बर्फ आपल्याकडे नाही. द्राक्षं आहेत, पण दारूबंदीत त्यांची वाइन केली तर पोलीस येतील. पण मालवणच्या बाजूला माझा गाव आहे."

मग मी सुटलोच. खाडी, माड, शेकोटी, कोंबडी-वडे, पिंगुळीहून कळसूत्री बाहुल्या मागवू, वगैरे वगैरे. साहेबांनी नाव दिलं 'विंटर बाय द सी'. कोकणातला हिवाळा म्हणजे पहाटे एक चादर जास्त, हे त्यांना मी सांगितलं नाही.

नव्या ठिकाणी पार्टी न्यायची तर आधी कंपनीचा एक माणूस जाऊन सगळं पाहून येतो. त्याला आम्ही 'अॅडव्हान्स' म्हणायचो. राहायची सोय कशी, संडास किती लांब, होडीवाला पितो का, असल्या गोष्टी. साहेबांनी मला अॅडव्हान्सला पाठवलं. मी गेलो नाही. घरच्या गावाला कसला अॅडव्हान्स? पार्टी घेऊन येतोय हे काकाला कळवलं होतं, तेवढं पुरे; उत्तराची वाट मी पाहिली नाही. त्या दिवसांत मी क्रिकेटची मॅच बघितली आणि उन्हाने काळा होऊन ऑफिसात आलो. साहेब रंगावरूनच खूश झाले. "ऑल ओके?" "ऑल ओके, सर."

गिरगावात आमच्या गाववाल्यांची एक खोली होती. गावची बारीकसारीक बातमी तिथे आधी पोचायची. पण टाय लावायला लागल्यापासून मी तिकडे जात नव्हतो. तिथे जमिनीवर बसावं लागे. पँटची इस्त्री मोडायची.

तर आम्ही आगबोटीने मालवणला उतरलो, टॅक्स्या केल्या आणि वेशीवर येऊन थांबलो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"साहेबानु, गाव पळालो हा. मी काय फुडे येवचंय नाय."

गावपळण! आमच्याकडे काही वर्षांनी देव कौल देतो, म्हणजे हुकूम करतो, आणि अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. बाहेर माडाच्या झापांच्या खोपी घालायच्या. ह्या दिवसांत गावात कुणी पाऊल टाकायचं नाही, चूल पेटवायची नाही. मग देवाला विचारून परत यायचं. ते विचारताना वेशीवरच्या देवळासमोर गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या काकाचा. त्याच्याआधी त्याच्या बापाचा. काकाची जमीन बेताची, घर साधं. गावात चार लोक त्याला उठून जागा देत, ते ह्या मानापायी.

मी गाडी फिरवून मालवणला जायला हवं होतं. पण मग साहेबांच्या कानावर अॅडव्हान्सची गोष्ट गेली असती आणि नोकरीही गेली असती.

"मिस्टर परब, तुमच्या गावामंदी माणसं नाय?" मिसेस मेहतांनी विचारलं.

"शेतावर गेलीत."

"आणि कोंबडी लोक?"

"तीपण," मी म्हणालो.

सामान टॅक्सीतच ठेवून मी पार्टीला चालत आत नेलं. काकाच्या दाराला कुलूप नव्हतं, कडीला सुंभ बांधला होता. तो सोडण्याआधी मी मागे वळून पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण मी शिकलेला. म्हटलं, कोण बघतंय? संध्याकाळपर्यंत काहीतरी जुळवू. तेवढ्यात मिसेस मेहता ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा नाय भेटला तर माझा डोका फुटेल."

मी चूल पेटवली.

रिकाम्या गावात एका घराच्या कौलांतून धूर निघाला तर तो किती लांबून दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. खाडीपलीकडच्या मळ्यात अख्खा गाव खोपी घालून बसला होता. आधी एक आरोळी आली. मग पन्नास. पार्टी धावत खाडीच्या काठाशी गेली. पलीकडे माणसंच माणसं, हात वर करून ओरडणारी.

"हाउ स्वीट! वेलकम करतात!" मिसेस मेहतांनी रुमाल हलवला. मग सगळ्यांनीच हलवले.

त्या गर्दीतून काका पुढे आला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

"बाबल्याऽऽ! मेल्या, आधी चूल इजय!"

"काका, तू हय ये, सांगतंय!"

"माका येवक जमाचा नाय! त्या लोकांका घेवन तूच भायर ये!"

मला अडवायला कुणी आत येऊ शकत नव्हतं. मी नियम मोडत होतो आणि ते पाळत होते, म्हणून. चुलीवर पाणी ओतलं, चहासकट. पार्टीला सांगितलं, गावकऱ्यांनी पलीकडे खास कॅम्प लावलाय. टॅक्सीने वळसा घालून आम्ही मळ्यात पोचलो.

काकीने आपली खोप पार्टीला दिली आणि कुळथाची पिठी नि भात वाढला. इकडे मानकरी आंब्याखाली बसले. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "परबानु, धूर तुमच्या घरातना इलो."

मला वाटलं, आता काका माझं नाव घेईल. काका म्हणाला, "होय. माझ्याच घरातलो."

बस, एवढंच. तीन भाषांत गिऱ्हाइकांशी पोपटासारखा बोलणारा मी, तिथे उभा होतो. 'मी केलंय' एवढे दोन शब्द आले नाहीत.

तिसऱ्या रात्रीनंतर मानकरी देवाला विचारायला निघाले. काका उठला नाही. "औंदा गाऱ्हाणा दुसऱ्या कोणी घाला," म्हणाला. कुणी त्याला आग्रह केला नाही. देवाने त्या दिवशी परतायचा हुकूम दिला नाही. गाव आणखी एक रात्र बाहेर राहिला. तांदूळ संपत आले होते, तान्ही पोरं थंडीने रडत होती. तुझ्यामुळे झालं, असं मला एकानेही म्हटलं नाही. शेकोटीपाशी सरकून जागा दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"वन मोर नाइट!" मिसेस मेहतांनी टाळ्या पिटल्या. रात्री त्या बायकांबरोबर फुगड्या घालून आल्या.

मुंबईत साहेबांनी मला मिठी मारायचीच बाकी ठेवली. "परब, मिसेस मेहता म्हणतात असा कॅम्प स्वित्झर्लंडलाही नाही! अख्खा गाव बाहेर काढलास? जमवलंस कसं?"

"मी नाही, सर. देव काढतो."

"मग त्याच्याशी बोल. दर डिसेंबरला लावू."

मला बढती मिळाली. मी ती घेतली.

काही वर्षांनी पुन्हा गावपळण आली. ह्यावेळी मी रजा काढून गेलो आणि तिन्ही रात्री जमिनीवर झोपलो. परतीच्या दिवशी मानकरी काकाला म्हणाले, "परबानु, आता तुमी घाला गाऱ्हाणा." काका म्हणाला, "नको. चलता तसा चलांदे." मग तो माझ्या शेजारी, गर्दीत उभा राहिला आणि दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणत राहिला. सगळ्यांत मोठ्या आवाजात. मरेपर्यंत त्याने गाऱ्हाणं घातलं नाही, आणि मला त्याबद्दल कधी बोललाही नाही.

पुढे कंपनीत नवी पोरं आली. मी त्यांना सांगायचो, अनोळखी गावाला अॅडव्हान्स एकदा करा, आपल्या गावाला दोनदा. ती हसायची. परक्या गावात चूक झाली तर गिऱ्हाईक पैसे परत मागतं आणि विषय मिटतो. आपल्या गावात कुणी काहीच मागत नाही.