सुभेदारकाकांचा नेम

सुभेदारकाकांनी फेकलेला तांब्या कधी चुकला नाही. माझ्या कपाळावरची खोक त्याचीच. सासुरवाडीला मी ती कडा चढताना पडल्याची म्हणून खपवली आहे.

फौजेतून पोलादपूरजवळच्या गावी परतल्यावर काकांची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. घरीच पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून पोटात सोडायचं, आधीचं काढायचं. तेवढा वेळ दार बंद, पंखा बंद, तोंडावर मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. नळीत घाण गेली की पोटात पू. "ही माझी सरहद्द हाय. वलांडलीस तर ठोकीन," काका बजावत. ऐन मे महिन्यात मला त्यांची दया आली आणि मी आत जाऊन पंखा लावला. पुढचं कपाळाला विचारा.

भावकीतला एक म्हातारा नळीला अंगारा लावायला गेला, तर काकांनी त्याचा अंगठाच पिरगळून मोडला. "अंगारा देवाचा, पन नख तुझं हाय रे!"

शिमग्याला पालखी दारात आली ती नेमकी पिशवी लावलेली असताना. ढोल, गुलाल, चढलेली माणसं. "देवाला भायेर उभा करतोस?" म्हणत एकानं लाथेनं दार उघडलं. आतून तांब्या सुटला आणि त्याचे पुढचे दोन दात अंगणात पडले. मग पालखीवाले आणि आमची भावकी, दोन्हीकडून काठ्या निघाल्या. मी सोडवायला गेलो, तेव्हा मला बडवण्यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

पिशवी संपली तसे काका बाहेर आले. रक्त सांडलेल्या अंगणात पालखीपुढे डोकं टेकलं. "चुकलं असंल तर मार मला. पन आत नाय यायचं." आणि पालखी खांद्यावर घेऊन नाचायला लागले.

"अवो, नळीची पट्टी भिजंल!" काकू किंचाळली. घामानं, गुलालानं सदरा लाल चिकट झाला तरी काका थांबेनात. तांब्या आता माझ्या हातात होता. पण फेकायला मी काका नव्हतो.

दोन दिवसांनी पोटातलं पाणी पेजेसारखं गढूळ आलं. महाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत काकांनी कळांनी उशी दातांनी फाडली होती.

मी स्कूटरवरून उतरून तसाच खाटेशी गेलो आणि त्यांची नळी सरळ करायला हात घातला. काकांनी उशाचा पेला उचलून फेकला. तो माझ्यापासून हातभर लांब, भिंतीवर आपटला.

"हात धू," ते पुटपुटले.

मी कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. नळ बंद करून मागे वळायचा धीर होईना. त्यांचा नेम चुकला होता.